गाठीच्या आकाराकडून गाठीच्या भुकेकडे

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास सांगताना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे या तिघांचाच प्रामुख्याने उल्लेख होतो. दिलेल्या औषधाचा गुण येत आहे की नाही, हे वेळेवर कसे ओळखावे, या चौथ्या गोष्टीचा इतिहास सहसा सांगितला जात नाही. वस्तुतः रुग्ण स्त्रीला आणि तिच्या घरच्यांना सर्वांत जवळचा प्रश्न तोच असतो. तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने केमोथेरपीचे सहा वा आठ डोस घ्यावयाचे. केस गळतात, तोंड येते, अन्नावरची वासना उडते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि घरातील एक माणूस रुग्णालयाच्या फेऱ्यांत गुंतून पडतो. औषध लागू पडले, तर सोसल्याचे चीज झाले. परंतु ते लागू पडतच नसेल, तर चार-सहा महिने वाया गेले, आणि तेवढ्या अवधीत रोगाला मोकळे रान मिळाले. हे पहिल्या वा दुसऱ्या डोसनंतरच कळू शकेल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राला आपली पाहण्याची रीतच बदलावी लागली. गाठ केवढी आहे, हे विचारण्याऐवजी गाठ अजून खात आहे काय, हे विचारावे लागले. हा बदल कसा घडला, त्यातून काय साधले आणि काय अद्याप साधावयाचे आहे, याचा हा मागोवा.

बोटे आणि पट्टी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचा स्नायू व काखेतील ग्रंथी एकत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुढील सुमारे पाऊण शतक तीच प्रमाण मानली गेली. त्यानंतर इ. स. १९७६ मध्ये इटलीतील मिलान येथील जियानी बोनाडोना यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमोथेरपी दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण घटते, हे दाखवून दिले. हे पाऊल फार मोठे होते. तथापि त्यात एक अडचण होती. गाठ तर आधीच काढून टाकलेली. मग औषध काम करते आहे की नाही, हे पाहावयाचे कशावर? शेकडो स्त्रियांचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडल्यावर औषध चांगले की वाईट ते कळत असे. पण समोर बसलेल्या एका स्त्रीला ते उपयोगी पडते आहे काय, याचे उत्तर डॉक्टरांपाशी नव्हते.

ज्या गाठी इतक्या वाढलेल्या असत की सरळ शस्त्रक्रिया करणे शक्य नसे, तेथे मिलानमध्येच १९७० च्या दशकात आधी औषध व मग शस्त्रक्रिया असा उलटा क्रम सुरू झाला. या क्रमाने एक साक्षीदार मिळाला. गाठ जागेवरच असल्याने औषधाचा परिणाम तिच्यावर पाहता येऊ लागला. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ ते १९९३ या काळात १,५२३ स्त्रियांना सहभागी करून एक मोठा अभ्यास झाला. औषध आधी दिले काय किंवा नंतर दिले काय, आयुष्यमानात फरक पडत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट पुढे आली. औषधाने ज्यांची गाठ पूर्णपणे नाहीशी झाली, त्या स्त्रियांचे भवितव्य इतरांपेक्षा चांगले होते. त्यामुळे गाठीवर होणाऱ्या परिणामाला फार मोल आले.

पण हा परिणाम मोजावयाचा कसा? बोटांनी चाचपून आणि पट्टीने मापून. या मापाचा भरवसा किती, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या चार्ल्स मोर्टेल व जेम्स हॅन्ली यांनी १९७६ मध्ये मोठ्या युक्तीने पाहिले. त्यांनी १२ टणक गोळे फोमच्या जाड थराखाली ठेवले आणि १६ अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना ते चाचपून मोजावयास सांगितले. काही गोळे मुद्दाम एकाच मापाचे होते. तरीही एकाच मापाच्या गोळ्यांत तज्ज्ञांना लहानमोठेपणा आढळला. एका तज्ज्ञाचे माप दुसऱ्याशी जुळेना आणि तोच तज्ज्ञ दुसऱ्यांदा वेगळेच माप सांगू लागला. म्हणजे गोळा तसूभरही बदललेला नसताना तो लहान झाल्याचे कागदावर लिहिले जाऊ शकत होते! ज्यांचा व्यवहार मोजमापावर चालतो, त्यांना या प्रयोगाचे मर्म अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत गाठीची लांबी व रुंदी यांचा गुणाकार निम्म्याने घटला तरच औषधाचा गुण आला असे मानावे, अशी मोठी मर्यादा घालण्यात आली. चुकीला वाव राहू नये, म्हणून घट तेवढी मोठी धरली. परिणामी ती दिसून येण्यास वेळही तितकाच लागू लागला.

दोष केवळ बोटांचा नव्हता. गाठीतील पेशी मेल्या तरी तेथे सूज आणि व्रणासारखे तंतू मागे राहतात आणि गाठ कित्येक आठवडे तेवढीच भासते. उलट बाजूही तशीच. फिशर यांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी औषध घेतलेल्या स्त्रियांपैकी ३६ टक्के स्त्रियांची गाठ हाताला लागेनाशी झाली होती. शस्त्रक्रियेनंतर तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा या स्त्रियांपैकी जेमतेम चौथा हिस्सा स्त्रियांतच रोग खरोखर संपलेला आढळला. बाकीच्यांत तो होताच. फक्त बोटांना कळत नव्हता.

बर्लिनचे निरीक्षण

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट फार पूर्वी, आणि अगदी वेगळ्या हेतूने, तयार होऊ लागली होती. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ओटो वारबुर्ग हे जीवरसायनशास्त्रज्ञ पेशींचे श्वसन अभ्यासत होते. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी उंदरांच्या कर्कगाठींचे अत्यंत पातळ काप घेऊन ते साखरेच्या द्रावणात ठेवले आणि त्यांचा जमाखर्च मांडला. किती प्राणवायू खर्ची पडला, किती ग्लुकोज संपले, किती लॅक्टिक आम्ल जमा झाले. निरोगी पेशी भरपूर प्राणवायू मिळत असताना ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करून त्यातून शक्य तितकी ऊर्जा काढून घेतात. कर्कपेशी मात्र प्राणवायू असतानाही ग्लुकोज अर्धवट वापरून बरेचसे लॅक्टिक आम्लाच्या रूपाने टाकून देत होत्या. अर्थातच गरज भागवण्यासाठी त्यांना साखर कितीतरी अधिक ओढून घ्यावी लागत होती.

वारबुर्ग यांनी यावरून असे अनुमान काढले की, पेशीचे श्वसन बिघडणे हेच कर्करोगाचे मूळ कारण होय. हा दावा त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. पण तो तसाच्या तसा टिकला नाही. कर्करोगाचे मूळ जनुकांतील बिघाडात आहे, हे पुढे स्पष्ट झाले. निरीक्षण मात्र अबाधित राहिले. येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. वारबुर्ग यांना १९३१ मध्ये मिळालेले नोबेल पारितोषिक या शोधासाठी होते, असे पुष्कळदा छापले जाते. ते त्यांना पेशीच्या श्वसनातील विकराच्या संशोधनासाठी मिळाले. कर्कपेशीच्या या खादाडपणाचा रुग्णाला काही उपयोग होईल, असे त्या काळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, आणि पुढील पन्नास वर्षे झालाही नाही.

साखरेला लावलेली खूण

गाठ किती साखर खाते, हे जिवंत माणसाच्या शरीरात बाहेरून पाहावयाचे, तर साखरेला अशी खूण लावली पाहिजे की ती जेथे जाईल तेथून तिने आपला ठावठिकाणा कळवावा. ही खूण भौतिकशास्त्राने पुरवली. १९३२ मध्ये अमेरिकेतील कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन या कणाचा शोध लागला. तो इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन विद्युतभाराचा. पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन एकत्र आले की दोघेही नष्ट होतात आणि त्या ठिकाणाहून दोन गॅमा किरण एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. शरीराभोवती कडे करून बसवलेल्या संवेदकांनी असे जोडकिरण टिपले, तर त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी तो कण होता हे कळते, आणि अशा असंख्य रेषांवरून संगणक चित्र उभे करतो. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील सेंट लुइस येथे मायकेल फेल्प्स, एडवर्ड हॉफमन व मिशेल टेर-पोगोसियन यांनी असे यंत्र प्रत्यक्षात आणले. हेच पेट स्कॅन.

खुणेची साखर दुसरीकडे तयार होत होती. ती कर्करोगासाठी नव्हे, मेंदूसाठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील लुई सोकोलॉफ मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो, याचा अभ्यास करीत होते. त्यांनी डीऑक्सिग्लुकोज हा ग्लुकोजचाच एक बदललेला प्रकार वापरला. पेशी त्याला साखर समजून आत घेते, त्यावर पहिली रासायनिक प्रक्रियाही करते; पण पुढची प्रक्रिया होऊ शकत नाही आणि तो पेशीतच अडकून पडतो. याच रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील आल्फ्रेड वुल्फ, जोआना फाउलर व जपानहून आलेले तात्सुओ इदो यांनी एफडीजी हे द्रव्य सिद्ध केले. ऑगस्ट १९७६ मध्ये ते विमानाने फिलाडेल्फियास नेण्यात आले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अब्बास अलावी यांनी प्रथमच मनुष्याला टोचले. विमान लागले याचे कारण असे की, फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य केवळ ११० मिनिटांचे आहे. सकाळी सहा वाजता शंभर भाग असलेले द्रव्य आठाच्या सुमारास पन्नास आणि पावणेदहापर्यंत पंचवीस उरते. निघालेला माल वाटेतच आटत जातो. साठवून ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ही एक गोष्ट या तपासणीच्या साऱ्या खर्चाच्या आणि मर्यादित प्रसाराच्या मुळाशी आहे.

मेंदूसाठी केलेली साखर गाठीत साचते, हे १९८० च्या सुमारास ब्रुकहेवन येथेच प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले, आणि वारबुर्गच्या जुन्या निरीक्षणाला अर्धशतकानंतर काम मिळाले.

ॲन आर्बरच्या अकरा स्त्रिया

स्तनाच्या कर्करोगात ही पद्धत उपचाराचा गुण पाहण्यासाठी वापरण्याचे आरंभीचे प्रयत्न युरोपातही झाले. फिनलंडमधील तुर्कू येथील डॉक्टरांनी १९८९ मध्ये वाढलेल्या रोगाच्या स्त्रियांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले होते. तथापि या विषयाचा पाया घातला तो अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बर येथे, रिचर्ड वॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास आकाराने अगदी लहान आहे. त्यात अवघ्या अकरा स्त्रिया होत्या. प्रत्येकीची गाठ ३ सेंटीमीटरपेक्षा मोठी होती आणि प्रत्येकीला शस्त्रक्रियेपूर्वी औषधे दिली जात होती. उपचारापूर्वी एक, आणि नंतर ८ व्या, २१ व्या, ४२ व्या व ६३ व्या दिवशी एकेक, असे पाच स्कॅन करण्यात आले.

ज्या आठ स्त्रियांना पुढे औषधाचा गुण आला, त्यांच्या गाठीतील साखरेचे प्रमाण आठव्या दिवशीच मूळच्या सरासरी ७८ टक्क्यांवर आले होते. २१ व्या दिवशी ते ६८, ४२ व्या दिवशी ६० आणि ६३ व्या दिवशी ५२ टक्के झाले. उरलेल्या तिघींत असा लक्षणीय उतार दिसला नाही, आणि त्यांना औषध लागू पडलेही नाही. महत्त्वाचे म्हणजे ही घट गाठीचा आकार कमी होण्याच्या आधी दिसली. बोटांना काही कळण्यापूर्वी गाठीची भूक मंदावली होती. अकरा ही संख्या कोणत्याही नियमासाठी अपुरीच. पण औषध सुरू केल्यापासून आठ दिवसांत काहीतरी कळू शकते, हे त्या अकरा जणींमुळे जगाला समजले.

येथे मापाविषयी थोडे सांगितले पाहिजे. गाठीने घेतलेली साखर एका साध्या गुणोत्तराने सांगतात, त्याला एसयूव्ही म्हणतात. टोचलेले द्रव्य साऱ्या शरीरात सारखे पसरले असते, तर प्रत्येक ठिकाणी हा आकडा १ आला असता. गाठीत तो ६ आला, तर गाठीने आपल्या वाट्याच्या सहापट घेतले असा अर्थ. औषधानंतर तोच आकडा ३ झाला, तर घट ५० टक्के. हिशेब सोपा दिसतो, परंतु दोन्ही वेळचे माप एकाच रीतीने घेतलेले असेल तरच तो खरा. द्रव्य टोचल्यावर पहिल्या वेळी साठ मिनिटांनी आणि दुसऱ्या वेळी नव्वद मिनिटांनी चित्र घेतले, तर आकडे जुळणार नाहीत. यंत्र बदलले तरी तेच. मधुमेही व्यक्तीच्या रक्तात साखर वाढलेली असेल, तर खुणेच्या साखरेला पेशीत शिरताना स्पर्धा होते आणि गाठ आहे त्याहून मंद दिसते. म्हणूनच तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहण्यास सांगतात, रक्तातील साखर तपासतात आणि टोचल्यानंतर तासभर शांत पडून राहावयास लावतात. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजात ही सूचना कोणी किरकोळ समजू नये.

तीन शहरे, तीन मापे

वॉल यांच्यानंतर हे काम युरोपात वेगाने पुढे गेले. इ. स. २००० मध्ये म्युनिक येथील २२ आणि स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील ३० स्त्रियांचे अभ्यास प्रसिद्ध झाले. दोन्हींचा रोख एकच होता. पहिल्याच डोसनंतर केलेल्या स्कॅनवरून अखेरचा निकाल बऱ्याच अंशी वर्तवता येतो. म्युनिकमध्ये पहिल्या डोसनंतर गुण येणाऱ्या सर्व स्त्रिया ओळखल्या गेल्या आणि गुण न येणाऱ्यांपैकी ८५ टक्के. ॲबर्डीनमध्ये हेच आकडे ९० व ७४ टक्के होते. २००६ मध्ये फ्रान्समधील ६४ स्त्रियांच्या अभ्यासात दुसऱ्या डोसनंतरचे निकाल ८९ व ९५ टक्के असे आले.

आकडे पाहून मन हरखते. पण त्यांच्या मुळाशी गेल्यावर एक गोष्ट खटकते. औषध लागू पडले असे मानण्यासाठी म्युनिकने ४५ टक्के घट धरली होती, ॲबर्डीनने २० टक्के आणि फ्रेंच डॉक्टरांनी ४० टक्के. तीन पेठांत तीन गज वापरावेत आणि तिन्ही व्यापाऱ्यांनी आपलेच माप बरोबर म्हणावे, तसाच हा प्रकार. यात लबाडी नव्हती. प्रत्येकाने आपापल्या मोजक्या रुग्णांना उत्तम जुळेल ती रेषा आखली होती. युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेने १९९९ मध्ये आणि वॉल यांनी स्वतः २००९ मध्ये सर्वांसाठी समान नियम सुचवले. दुसऱ्या नियमात ३० टक्के घट ही मर्यादा धरली आहे. असे असूनही स्तनाच्या कर्करोगात नेमकी रेषा कोणती, यावर एकमत झाले नाही, आणि त्याला कारणही आहे. या रोगाचे अनेक प्रकार आहेत. सावकाश वाढणारे काही प्रकार, विशेषतः दुग्धखंडांतून उगम पावणारे, मुळातच साखर थोडी घेतात. मग घट मोजावयाची कशात? उलट बायॉप्सीनंतरची सूज वा संसर्ग असेल, तर तेथील निरोगी पेशीही साखर ओढतात आणि रोग नसलेली जागा उजळून दिसते.

सेंट लुइस येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर सरळ हिशेब उलटा केला. पसरलेल्या रोगाच्या ४० स्त्रियांना टॅमॉक्सिफेन हे संप्रेरकविरोधी औषध देऊन सात ते दहा दिवसांनी स्कॅन केला गेला. ज्यांना पुढे औषधाचा गुण आला, त्यांच्या गाठींची भूक कमी न होता सरासरी २८ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ज्यांना गुण आला नाही त्यांच्यात फारसा बदल नव्हता. याचे कारण, हे औषध आरंभीचे काही दिवस संप्रेरकासारखेच वागून गाठीला चेतवते आणि मग तिला आवर घालते. जी गाठ चेतली, तिच्यात औषधाला बसावयाची जागा आहे, असा त्याचा अर्थ होता. कोणते औषध चालू आहे हे न पाहता केवळ आकडा वाचणाऱ्याने त्या स्त्रियांचे उपयोगी औषध बंद केले असते.

स्कॅन पाहून औषध बदलणे

येथवर सारे अभ्यास भविष्य सांगणारे होते. स्कॅन पाहून उपचारच बदलला तर स्त्रीचे हित होते काय, हा खरा प्रश्न त्यानंतर हाती घेण्यात आला. त्यासाठी सोयीचा ठरला तो हर-२ हे प्रथिन जास्त असलेला कर्करोग. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ ते २० टक्के या प्रकारचे असतात. तो आक्रमक असतो, साखरही भरपूर घेतो, आणि १९९८ पासून त्यावर ट्रास्टुझुमॅब हे नेमके औषध उपलब्ध आहे.

फ्रान्स व बेल्जियममधील १४२ स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या डोसनंतरच्या स्कॅनमध्ये ६९ जणींत अपेक्षित घट दिसली. त्यांचे औषध तेच ठेवले. ७३ जणींत ती दिसली नाही. त्यांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या ४८ जणींना बेव्हासिझुमॅब हे आणखी एक औषध जोडून दिले, २५ जणींचा उपचार पूर्वीचाच ठेवला. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग पूर्णपणे नाहीसा झालेल्या स्त्रियांचे प्रमाण औषध जोडलेल्या गटात सुमारे ४४ टक्के आणि न जोडलेल्या गटात २४ टक्के होते. संख्या लहान असल्याने यावरून ठाम काही म्हणता येत नाही. शिवाय बेव्हासिझुमॅबला स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता अमेरिकेने २०११ मध्येच मागे घेतली होती. तेव्हा या अभ्यासाचे मोल औषधात नसून रीतीत आहे. उपचार चालू असताना स्कॅनच्या आधारे मार्ग बदलण्याचा प्रयोग शिस्तीने करता येतो, हे त्याने दाखवले.

त्याहून मोलाचा प्रयोग स्पेनच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने, सात युरोपीय देशांतील ४५ रुग्णालयांत झाला. फेरगेन या नावाने तो ओळखला जातो. येथे प्रश्न उलट बाजूने विचारला होता. ज्यांना केमोथेरपीची गरजच नाही, अशा स्त्रिया ओळखता येतील काय? जून २०१७ पासून ३५६ स्त्रिया त्यात घेतल्या गेल्या. ७१ जणींना केमोथेरपीसह पूर्ण उपचार दिला. २८५ जणींना प्रथम फक्त ट्रास्टुझुमॅब व पर्टुझुमॅब ही हर-२ वरील दोन औषधे दिली, केमोथेरपी नाही. दोन डोस झाल्यावर स्कॅन केला. एसयूव्हीमध्ये किमान ४० टक्के घट असेल तर तोच सौम्य उपचार पुढे, नसेल तर केमोथेरपी सुरू.

२८५ पैकी २२७ जणींत, म्हणजे सुमारे ८० टक्क्यांत, ती घट दिसली. त्यांतील ८६ जणींच्या बाबतीत शस्त्रक्रियेच्या वेळी रोगाची एकही आक्रमक पेशी सापडली नाही. त्यांना शस्त्रक्रियेनंतरही केमोथेरपी दिली नाही. बाकीच्यांना ती नंतर देण्यात आली. २०२४ मध्ये तीन वर्षांचे निकाल आले. स्कॅनवर बेतलेल्या गटात ९४.८ टक्के स्त्रिया आक्रमक रोग न उलटता सुखरूप होत्या. ज्या ८६ जणींना केमोथेरपी मुळीच मिळाली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ९८.८ टक्के होते. तीव्र दुष्परिणामांचे प्रमाणही या गटात जवळजवळ निम्म्यावर आले.

२८५ मधील ८६ म्हणजे दर दहा स्त्रियांत तिघी. या तिघींचे केस गळले नाहीत, पांढऱ्या पेशी घटल्याने तापात रुग्णालयात भरती होण्याची वेळ आली नाही, आणि तीन वर्षांच्या हिशेबात त्यांचे नुकसानही झाले नाही. हे यश लहान नाही. तरीही हिशेबाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. ज्या २२७ जणींची गाठ स्कॅनमध्ये मंदावलेली दिसली, त्यांच्यापैकी १४१ जणींत शस्त्रक्रियेच्या वेळी रोग शिल्लक होता. भूक कमी होणे म्हणजे रोग संपणे नव्हे. स्कॅनने दार उघडले. निर्णय मात्र अखेरीस सूक्ष्मदर्शकानेच दिला.

मुंबईतील सायक्लोट्रॉन

फ्लोरिन-१८ दूरदेशाहून मागवता येत नाही. ते जवळच, सायक्लोट्रॉन या यंत्रात तयार करावे लागते. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण औषधी केंद्रात २००२ मध्ये सुरू झाला आणि देशात पेट स्कॅनचा आरंभ तेथूनच झाला. हे केंद्र १९६३ पासून टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात कार्यरत असल्याने कर्करोगाचे रुग्ण आणि किरणोत्सारी औषधे यांची गाठ तेथे आधीपासूनच पडलेली होती. २००४ मध्ये टाटा रुग्णालयात पेट व सीटी यांची सांगड घातलेले यंत्र आले. गाठ किती खाते आणि ती नेमकी कोठे आहे, या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात दाखवणारे असे यंत्र डेव्हिड टाउनसेंड व रॉनल्ड नट यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केले होते. त्यानंतर राज्यातील इतर शहरांतही ही सोय झाली.

आपल्याकडे या विषयाला एक वेगळे महत्त्व आहे. संकोच, भीती, घरच्या कामांना दिलेले अग्रक्रम अशा अनेक कारणांनी गाठ बरीच वाढल्यावरच रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण भारतात मोठे आहे. अशांना आधी औषध व मग शस्त्रक्रिया हाच क्रम बहुधा सांगितला जातो, म्हणजे औषध लागू पडते आहे काय हा प्रश्न त्यांच्यापुढे अधिक वेळा येतो. परंतु ज्या दोन औषधांवर फेरगेनचा प्रयोग उभा आहे, ती महाग आहेत, आणि वारंवार स्कॅन करणेही सर्वांना परवडणारे नाही. प्रत्येक स्कॅनबरोबर शरीराला काही किरणोत्सर्ग पोहोचतो, हेही विसरून चालणार नाही.

उपचाराच्या मध्यावर पेट स्कॅन करून त्यावरून औषध बदलणे, ही रीत आजही सर्वसाधारण नियम झालेली नाही; ती मुख्यतः संशोधनाच्या चौकटीतच वापरली जाते. वाढलेल्या रोगात तो शरीरात अन्यत्र पसरला आहे काय, हे उपचारापूर्वी पाहण्यासाठी पेट स्कॅनचा उपयोग रूढ आहे. उपचारादरम्यान मात्र हाताने तपासणी, सोनोग्राफी वा एमआरआय यांवरच भर असतो. साखरेऐवजी दुसऱ्या खुणा वापरण्याचे प्रयत्नही फळास आले आहेत. गाठीत इस्ट्रोजेन या संप्रेरकाला बसावयाची जागा आहे काय हे दाखवणारे, फ्लोरिन-१८ जोडलेले इस्ट्रॅडिओल प्रथम १९८८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांत वापरल्याचे प्रसिद्ध झाले. त्याला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळण्यास मे २०२० उजाडला.